सेनापतींच्या घोड्याचं शेपूट

शेपूट अख्खं हातात आलं, आणि ती मटकन स्टुलावर बसली. सेनापतींच्या पेंढा भरलेल्या घोड्याची धूळ मऊ ब्रशने झाडायची, एवढंच काम होतं. हौसेने शेपूट विंचरायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण ते हेच. संग्रहालयातली तिची नोकरी पुढच्या महिन्यात कायम व्हायची होती आणि आज अकराला सेनापतींची नात घोडा बघायला येणार होती. पावणेअकरा वाजले होते.

"पाच लढायांत यानं कधी शेपूट घातलं नाही," दालनाचा पहारेकरी म्हणाला, "आणि तू उपटून मोकळी झालीस!"

"काका, चेष्टा नको हो. नोकरी जाईल माझी."

"मग डिंक लाव. मागून कोण बघतंय?"

तिने बाटली उघडलीही. पण शेपटाच्या मुळाशी सुतळी गुंडाळलेली होती आणि काळ्या रंगाखाली केस चक्क तपकिरी होते. कुणीतरी दुसऱ्याच घोड्याचं शेपूट बांधून ठेवलं होतं.

तेवढ्यात दारात काठी वाजली. ऐंशी उलटलेली नात वेळेआधीच आली होती.

"आजी, माझ्याच हातून निघालं," ती कशीबशी म्हणाली.

म्हातारीने घोड्याला मागून नीट न्याहाळलं आणि ती हसली.

"अगं, आता दिसतोय खरा! आमच्या घरच्या फोटोत असाच बोडका आहे. शेवटच्या लढाईतून जे परतले नाहीत, त्यांच्या घरी आजोबांनी याच्या शेपटाची एकेक बट पाठवली. सोबत चिठ्ठी नाही, काही नाही. शब्दच सुचेनात म्हणे. शेपूट वाढायच्या आत घोडा गेला. हे भलतंच कुणी डकवलं? बाजूलाच ठेव ते."

तिचा जीव भांड्यात पडला. इतकं हलकं वाटलं की हसू आवरेना. एरवी लगेच टोमणा मारणारा पहारेकरी मात्र घोड्याजवळ सरकला.

"आमच्याकडे आहे एक बट," तो म्हणाला. "डबीत. माझ्या आजोबांचेच केस म्हणून आजी जन्मभर उशाशी घेऊन झोपली."



त्याने टोपी काढून टकलावरून हात फिरवला. "बरं झालं कळलं. आजोबांचे केस एवढे दाट, मग आमचंच काय चुकलं, असं वाटायचं."

मग तीस वर्षं लोकांवर 'हात लावू नका' म्हणून खेकसणाऱ्या त्या माणसाने घोड्याच्या पाठीवर तळहात ठेवला आणि तो बराच वेळ उचलला नाही.