कुसुमताईंच्या काळजाभोवतीची पिशवी

मित्रांनो, बेगम बाजारात पोत्यांना आणि पिशव्यांना काय तोटा! पण मी मात्र कुणाच्या नजरेस पडत नाही. मी कुसुमताईंच्या हृदयाभोवतीची जुनी, पातळ, दुपदरी पिशवी आहे. धडधडताना हृदय घासू नये, म्हणून माझ्या पदरांत थोडंसं पाणी असतं. इतकी वर्षं हे काम गुमान केलं. कुणी शाबासकी दिली नाही, आणि मी मागितलीही नाही.

ताईंचं मिरचीचं घाऊक दुकान. तिथे सगळेच खोकतात. त्यामुळे ताईंचा खोकला कितीतरी महिने रेंगाळला, तरी कुणाला खटकला नाही.

"मिरचीत बसून खोकला नाही येणार तर काय अत्तराचा वास येणार?" असं म्हणून त्या हसायच्या. त्यांचे यजमान हिम्मतराव ओव्याचं पाणी द्यायचे.

पण तो मिरचीचा ठसका नव्हताच, क्षय होता! तो माझ्यापर्यंत पोचला. मी सुजले, पाण्याने भरत गेले. आडवं झालं की ताईंना छातीत कळ यायची, पोत्यावर पुढे वाकलं की जरा बरं वाटायचं. आत हृदयाला फुलायला जागा उरेना. ज्याला जपायचं त्यालाच मी दाबत होते हो! फार वाईट वाटायचं.

एका दुपारी ताई दुकानातच कोसळल्या. दवाखान्यात डॉक्टर अनुराधांनी सुईने पाणी काढलं आणि हृदय मोकळं झालं. मग क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या.

थोड्याच दिवसांत ताई हिंडूफिरू लागल्या आणि म्हणाल्या, "आता नक्को त्या गोळ्या. मळमळतं. बरी झाले की मी!"

माझं धाबं दणाणलं. औषध अर्धवट सुटलं तर मी जाड, कडक होऊन हृदयाला आवळणार. मग छाती उघडून मलाच कापून काढायची वेळ!

हिम्मतरावांनी भर बाजारात दुकानाचं शटर खाली ओढलं.

"गोळी घे, मग उघडतो."

"अहो, गिऱ्हाईक उभंय!"

"राहू दे उभं. तूच नसलीस तर या दुकानाला काय जाळायचंय?"

ताईंचे डोळे भरले. त्यांनी गोळी गिळली. डॉक्टर 'पुरे' म्हणेपर्यंत रोज आधी गोळी, मगच शटर.

मित्रांनो, मी आज मऊ आहे. तुमच्या छातीतही माझी एक बहीण आहे. खोकला लांबला तर तपासून घ्या, आणि बरं वाटलं म्हणून औषध सोडू नका. तिला तुमचं हृदय सांभाळू द्या, आवळायला लावू नका.