मावशीचे टाके आणि मी

मी एक जुना नियम आहे. मला रेग्युलर एक्सप्रेशन म्हणतात. लांबी एका ओळीची आणि काम एकच: मजकुरातली अक्षरं, काना-मात्रा आणि मोकळी जागा ठेवायची, बाकी सगळं पुसून टाकायचं. ते कुणाच्या कामाचं आहे का, हे मला कळत नाही. तसं मला कुणी शिकवलंच नाही, आणि तरीही शिव्या मलाच!

मित्रांनो, मला एका वाचनालयातल्या ताईने तयार केलं. तिथले सभासद नावाच्या रकान्यात वाटेल ते लिहीत. कुणी नावाला चांदण्या लावी, कुणी पुढे फोन नंबर चिकटवी. मी एका फटक्यात सगळी नावं लख्ख केली. "गुणाचा रे बाबा तू!" ताई म्हणाली. मग गरज सरो, वैद्य मरो. मी तिच्या घरच्या संगणकात पडून राहिलो.

ताईची मावशी विणकामाचे नमुने स्वतःच्या मनाने बसवायची. हात थरथरू लागले, तेव्हा तिने ते तोंडी सांगितले आणि ताईने घरच्या संगणकावर टाइप केले: "सुलट २, उलट ३, *जाळी १*". आकडा म्हणजे किती टाके, आणि दोन चांदण्यांमधलं पुन्हा पुन्हा विणायचं. त्यांचं पुस्तक व्हावं, एवढीच मावशीची इच्छा उरली होती.

छापायला देण्याआधी ताईचा नवरा मदतीला धावला. "केवढा कचरा आहे यात!" म्हणत त्याने मला अख्ख्या फाइलवर सोडलं आणि तीच फाइल सेव्ह केली. मूळ प्रत ठेवलीच नव्हती. मला तोंड असतं तर मी बोंब ठोकली असती.

संध्याकाळी मावशी म्हणाली, "वाच गं एकदा."

"सुलट, उलट, जाळी..." ताई अडखळली.

"अगं, पण किती सुलट? किती उलट?"

"आकडेच गेलेत, मावशी."

"त्या नियमाने घोळ घातला," नवरा म्हणाला. घ्या! चोर सोडून संन्याशाला फाशी.

मावशीने सुया हातात घेतल्या. सोपे नमुने तिच्या बोटांना आठवले. पानांची जाळी मात्र काही केल्या जमेना. ती विणायची, उसवायची, पुन्हा विणायची. शेवटी "जाऊ दे" म्हणून तिने लोकर गुंडाळून ठेवली. मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला.

मित्रांनो, मला चालवण्याआधी एक प्रत बाजूला ठेवत जा. आणि तुम्हाला जो कचरा दिसतो, तो खरंच कचरा आहे का, हे ज्याचं त्याला विचारा. मावशी तेव्हा शेजारच्याच खोलीत बसली होती.