चूलबंद आवतण

सुरतेतल्या लिंबायतच्या सरलाबाईंच्या घरचं आवतण नेहमी चूलबंदच असायचं. चूलबंद म्हणजे सगळ्या घरानं जेवायला यायचं, लेकरंबाळं, म्हातारीकोतारी, पाहुणा आला असेल तर तोही. त्या दिवशी त्या घरातली चूल पेटायचीच नाही. दुसरा प्रकार ‘घरटी एक’चा. तो सरलाबाईंना हिशेबी माणसांचा वाटे. त्यांच्या भावाला, वाल्मिकला, एकदा एका चुलत्यानं असं घरटी एक आवतण दिलं होतं. वाल्मिकमामा एकटाच गेला, पाच जणांचं जेवला आणि त्यानंतर कित्येक वर्षं त्या घराची पायरी चढला नाही.

सांगायचं कारण, सरलाबाईंची मुलगी सुषमा असल्या घरात वाढली आणि पुढे बिल्ड सांभाळायला लागली. बिल्ड सांभाळायचा तर माणसाला थोडं कंजूष असावं लागतं, आणि हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

रिंग रोडवरच्या त्यांच्या ऑफिसात कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलसाठी सॉफ्टवेअर बनायचं. त्याचे तुकडे बरेच, म्हणजे मॉड्यूल. मालाचं वेगळं, बिलाचं वेगळं, गाड्यांचं वेगळं, निरोपाचं वेगळं. कुणाला कशाची गरज आहे ते ज्यानं त्यानं आपल्या फाइलमध्ये लिहायचं, आणि सगळ्यांच्या वर एक थोरली फाइल. थोरलीत लिहिलेलं सगळ्यांना आपोआप मिळतं. हे सारं जुळवून गिऱ्हाइकाला द्यायचा एक गठ्ठा बांधायचा, तोच बिल्ड. आधी ते काम प्रवीणकडं होतं. त्यानं ते असं गुंतवून ठेवलं होतं की काहीही अडलं की सगळ्यांनी त्याच्याच खुर्चीमागं येऊन उभं राहावं. शेवटी मालक महेशभाई कंटाळले आणि बिल्ड सुषमाला दिला. पहिला घोटाळा झाला की तो परत प्रवीणकडं, हेही त्याच दमात सांगितलं. सुषमाला तो बिल्ड जिवापाड हवा होता. ऑफिसात तिचं असं म्हणावं ते तेवढंच होतं.

माल रंगून तयार झाला की व्यापाऱ्याच्या फोनवर मेसेज जाई, ‘आपका माल तैयार है’, खाली पार्टीचं, म्हणजे त्या व्यापाऱ्याचं, नाव, नंबर आणि मिलचा पत्ता. पण टेस्ट करताना खऱ्या व्यापाऱ्यांना उगाच मेसेज जाऊन कसं चालेल? म्हणून सुषमानं एक मदतनीस मॉड्यूल लिहिलं. ते सगळे मेसेज मधेच अडवायचं आणि एकाच नंबरवर पाठवायचं. आधी तिनं स्वतःचा नंबर दिला, तर मीटिंगमध्ये फोन सारखा वाजायला लागला. मग आईचा दिला, मेसेज आले तरी लक्ष देऊ नको असं बजावून. आईला नवा फोन घेतलेला आणि माले कोनीच काही धाडत नही अशी तिची रोजची कुरकुर. पार्ट्यांची खोटी नावंही सुषमानं घरातलीच घातली, वाल्मिक ट्रेडर्स, रंभाबाई साडी सेंटर. ज्या भावाला स्वतःचा रुमाल घडी घालता येत नव्हता तो साड्यांचा व्यापारी झालेला पाहून सरलाबाई हसून हसून बेजार झाल्या. चौथीपर्यंतचं वाचन त्यांना तेवढ्यापुरतं पुरत होतं.

आता हे मदतनीस लागायचं फक्त दोन मॉड्यूलना, तेही टेस्टपुरतं. त्या दोघांच्या फाइलमध्ये तसं लिहिलं असतं तर ही गोष्टच झाली नसती. पण सुषमाच्या मनात आलं, आज दोघांना दिलं, उद्या तिसरा मागेल, चौथा अडून बसेल, कशाला कुणाला मागं ठेवायचं? तिनं ते थोरल्या फाइलमध्ये लिहिलं, आणि ‘टेस्टपुरतं’ हा शब्दही घातला नाही. सगळ्या मॉड्यूलना चूलबंद आवतण देऊन ती समाधानानं घरी गेली.

झालं असं की गिऱ्हाइकाला गेलेल्या गठ्ठ्यात ते मदतनीसही जाऊन बसलं. खरा निरोप पाठवायची वेळ आली की प्रोग्राम जो आधी हाताशी सापडेल त्याला धरायचा, आणि हाताशी नेमकं हेच सापडायचं. कडोदऱ्याच्या मिलमधून सुटणारा प्रत्येक मेसेज लिंबायतला सरलाबाईंच्या फोनवर उतरायला लागला. इकडं ऑफिसच्या स्क्रीनवर दिसायचं, मेसेज पोचला. खोटं काय त्यात, पोचत तर होताच.

हे कळायला लखनचा फोन यावा लागला. लखन म्हणजे त्या मिलचा डिस्पॅच बघणारा माणूस. आजवर त्याचा फोन तक्रारीशिवाय कधी आला नव्हता, म्हणून महेशभाईंनी स्पीकर सुरू केला आणि कपाळाला हात लावून बसले. पण लखन चक्क खूश होता. आधी मेसेज गेला तरी पार्टी चार-चार दिवस फिरकायची नाही, आणि आता तुमच्या त्या बाईंचा फोन गेला की दुपारपर्यंत टेम्पो दारात हजर. एका व्यापाऱ्याला तर तिनं, माल असा परक्याच्या दारात टाकून तुला झोप कशी लागते, म्हणून झापलं होतं. बाई बोलते कोणत्या भाषेत ते कुणालाच नीट कळत नाही, पण सगळे ऐकतात.

“आ बेन कोण छे?” महेशभाईंनी फोन ठेवून विचारलं.

ही बाई कोण ते कुणालाच माहीत नव्हतं. सुषमा मात्र ऐकता ऐकता समजून चुकली होती. लखननं आणखी एक सांगितलं होतं, ही बाई प्रत्येक व्यापाऱ्याला शेवटी जेवलास का म्हणून विचारते.

ती जिन्यात गेली आणि आईला फोन लावला. सरलाबाईंनी काही लपवलं नाही. आधी घरच्यांची नावं यायची, मग परक्यांची यायला लागली, एवढंच. प्रत्येक मेसेजमध्ये नंबर होता, तो त्यांनी लावला. जो उचलायचा नाही त्याला पुन्हा लावला, तो उचलेपर्यंत.

“तुले सांगेल व्हतं ना, तिकडं ध्यान देऊ नको म्हनीसन,” सुषमा म्हणाली.

“मंग मी नुस्ती देखत बसू का? त्या बिचारासना माल पडेल व्हता.”

सुषमा जिन्यातच बसली. गंमत अशी की तिची चूक चव्हाट्यावर आली नव्हती ती आईमुळंच. मदतनीस गुपचूप काढून टाकलं असतं तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण मग बाईंचे फोन बंद होणार, आणि लखन बाई कुठं गेली म्हणून विचारणार. शिवाय महेशभाईंना एवढ्यात स्फुरण चढलं होतं. इच्छापोरच्या एका मोठ्या कारखान्याला सॉफ्टवेअर दाखवायचं होतं, आणि आपल्याकडं मेसेजसोबत बेनची सोय आहे, असं ते फोनवर सांगायलाही लागले होते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तिला रडू येत होतं आणि त्याच वेळी आईनं झापलेला तो व्यापारी आठवून हसूही येत होतं. मग ती उठली, आत गेली आणि महेशभाईंना सगळं सांगून टाकलं.

महेशभाईंनी चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाले, आज संध्याकाळपर्यंत नीट झालं तर ठीक, नाहीतर बिल्ड प्रवीणकडं. प्रवीण शेजारीच उभा होता. त्यानं चेहरा दुःखी करायचा प्रयत्न केला, पण तो काही त्याला जमला नाही.

सुषमानं थोरल्या फाइलमधली ती ओळ खोडली. ज्या दोघांना खरी गरज होती त्यांच्या फाइलमध्ये ती लिहिली, टेस्टपुरतं असं बजावून. मग बिल्ड चालवला, तर सगळी स्क्रीन लाल. वाचत वाचत खाली गेल्यावर कळलं की अडलंय एकच मॉड्यूल, बिलाचं, म्हणजे प्रवीणचं. मदतनिसात तारीख सुबक लिहून देणारा एक लहानसा तुकडा होता. तो प्रवीणनं परस्पर उचलून खऱ्या बिलात वापरला होता. मदतनीस गेल्यावर त्याच्या मॉड्यूलला तारीखच लिहिता येईना.

“तिथं होतं, म्हणून घेतलं,” प्रवीण म्हणाला.

आवतण नसताना पंगतीत बसलेला माणूस आणखी काय सांगणार? पण सुषमाला त्याच्यावर धड रागावताही येईना, दार तिनंच तर सताड उघडं टाकलं होतं. दोघांनी बसून तो तुकडा सगळ्यांच्या सामाईक मॉड्यूलमध्ये हलवला. प्रवीणनं मुकाट्यानं मदत केली, हेही खरं. दिवेलागणीच्या सुमारास स्क्रीन हिरवी झाली, मिलला नवा गठ्ठा गेला, आणि मेसेज ज्याचे त्याला जायला लागले.

“बिल्ड तारी पासेज रहेशे,” महेशभाई निघताना म्हणाले. म्हणजे बिल्ड तिच्याकडंच राहिला. इच्छापोरच्या कारखान्याला बेनबद्दल आता काय सांगायचं हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो त्यांनी तिला विचारला नाही.

सुषमा उड्या मारतच घरी गेली. पण दुसऱ्या दिवसापासून सरलाबाईंचा सूर बिघडला. भाजी अळणी, बोलणं तुटक, फोन मांडणीवर पालथा ठेवलेला. काय झालं म्हणून विचारलं तरी सांगेनात. शेवटी भाकरी थापता थापता, सुषमाकडं न बघताच म्हणाल्या,

“मी काय करेल व्हतं? माले काबरं काढी टाकं?”

सुषमानं समजावून पाहिलं, ती चूक होती, तिच्यात प्रवीणची तारीखही अडकली होती, मेसेज खऱ्या माणसाला जायला हवेत. सरलाबाईंनी मान हलवली आणि भाकरी उलटली. जिनं जन्मभर कुणाला वगळलं नाही, त्या आईला तिनं एक ओळ खोडून पंगतीतून उठवलं होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिनं टेस्टमध्ये एक ओळ वाढवली. सगळ्या टेस्ट पास झाल्या की दिवसाकाठी एक मेसेज त्या जुन्या नंबरवर जावा. पार्टीचं नाव सुषमा ट्रेडर्स, खाली तिचा स्वतःचा नंबर. त्या घोटाळ्यापासून नियमच झाला होता, प्रवीणच्या नजरेतून गेल्याशिवाय काहीच आत जायचं नाही. त्यानं ती ओळ बरोबर पकडली आणि हे काय म्हणून विचारलं.

“टेस्टपुरतंच आहे,” सुषमा म्हणाली. “घरटी एक.”

प्रवीणनं डोकं खाजवलं आणि ओळ पास केली. संध्याकाळी स्क्रीन हिरवी झाली. सुषमा पिशवी भरतच होती, तेवढ्यात तिचा फोन वाजला. पलीकडचा आवाज व्यापाऱ्यांशी बोलायचा तोच होता.

“सुषमा ट्रेडर्स का? तुन्हा माल तयार शे म्हने. ली जाय. आनि जेवी लिधं का?”

नाही जेवले, घरीच येतेय, असं सुषमानं सांगितलं.

“मंग ये लवकर. आनि तो तारीखवाला पोऱ्या शे ना, त्याले बी ली ये. त्यान्हा घरना बठ्ठासले सांग, लेकरंबाळं, म्हातारीकोतारी बी.”