आधी जेव

दुपारी एकला दहा मिनिटं असताना तुयें गावातल्या कार्मेलिनच्या घराच्या फाटकाशी एक स्कूटर थांबली आणि तिच्यावरून रुद्रेश उतरला. नाताळचा दिवस होता. माणसं चर्चहून परतली होती, आवारात तीन गाड्या एकामागे एक लागल्या होत्या आणि आतल्या लांब टेबलावर ताटं मांडणं चाललं होतं. कार्मेलिनची सून गौरवी बाल्कांवात, पुढच्या ओसरीत, खुर्च्या पुसत होती. भावाला ओळखायला तिला एक क्षण लागला. मग हातातलं फडकं तसंच धरून ती पायऱ्या उतरली.

चार वर्षांत माहेरचं माणूस या फाटकाशी पहिल्यांदाच येत होतं. पार्सें लांब नव्हतं, शेजारचाच गाव. तिचे वडील गोकुळदास पेडण्याला जाताना याच रस्त्यानं जात. गौरवीनं सावियोशी लग्न केलं तेव्हा त्यांनी आरडाओरडा केला नव्हता, शाप दिले नव्हते. फक्त त्या दिवसापासून तिचं नाव घेणं बंद केलं. बाल्कांवातून ती त्यांना बघायची. घर आलं की ते मान ताठ करून समोर बघत आणि घर मागे पडलं की स्कूटरचा वेग वाढायचा. नोव्हेंबरपासून ते दिसले नव्हते. म्हापशाच्या इस्पितळात होते, आता घरी आणलेत, एवढं मासळीवालीकडून कळलं होतं.

तिला सातवा लागला होता. सातव्यात माहेरचे ओटी भरतात, पहिलं बाळंतपण माहेरी करतात. तसं काही होणार नाही हे स्वतःला बजावत तिनं सगळा डिसेंबर काढला होता. आणि आता रुद्रेश फाटकाशी उभा होता. बाबांनीच धाडलं असणार. त्याशिवाय तो आला नसता.

"भितर ये मरे," ती म्हणाली.

"नको. हयंच बरो आसंय."

तो तिच्या पोटाकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकत गेलं आणि गौरवीला कळलं की त्याला ठाऊक नव्हतं. म्हणजे कोणीच सांगितलं नव्हतं. म्हणजे ओटीसाठी आलेला नव्हता.

"कितवो?" त्यानं विचारलं.

"सातवो."

तिनं आता त्याला नीट पाहिलं. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं खालीवर लागलेली, पायांत काही नाही. चपला स्कूटरपाशी काढल्या असाव्यात असं तिला वाटलं.

"बाबा कशे आसत?"

"आसत," तो म्हणाला.

"आई?"

"आई बरी आसा."

एवढ्यात कार्मेलिन बाहेर आली. सुनेच्या माहेरचं कोणीतरी एकदाचं आलं या आनंदात तिनं एप्रनही सोडला नव्हता. एका हातात पाण्याचा ग्लास, दुसऱ्या हातात नेवऱ्या आणि गोड दोदोल भरलेली बशी.

"पुता, भायर कित्याक उबो? ये, ये. इल्लें तरी तोंडांत घाल. नाताळ न्हय?"

"नको," रुद्रेश म्हणाला.

"उदक तरी घे."

"नको, आई. तान नाय माका."

तिनं बशी पुढे केली तसा तो एक पाऊल मागे सरला. भर दुपारचं ऊन त्याच्या डोक्यावर होतं आणि ओठ कोरडे पडून त्यांना सालं आली होती. तहान नाही हे कोणालाच खरं वाटलं नसतं.

मागे बाल्कांवात बॉस्त्यांव येऊन उभा होता. सावियोचा हा चुलता, घरातल्या सगळ्यांचा तियु. सावियोच्या वडिलांमागे घरातला वडीलधारा तोच. डिचोलीच्या खाणींवर पंचवीस वर्षं ट्रक हाकलेला माणूस, त्यामुळे घरातही तो इंजिनावरून ओरडल्यासारखा बोलायचा.

"आमच्या बांयत पाव घालूंक ना रे बाबा!" तो म्हणाला. "पी! बाटचो ना तूं."

विहिरीत पाव टाकून गावंच्या गावं बाटवल्याची ती जुनी गोष्ट. आत खिडकीशी कोणीतरी हसलं, कोणीतरी "तियु!" म्हणून त्याला दटावलं. कार्मेलिन हसली नाही. ग्लास आणि बशी घेऊन ती तशीच उभी राहिली, देऊ केलेलं परत कसं न्यावं हे न कळणाऱ्या माणसासारखी.

गौरवीचे कान तापले. या घरात डुकराचं मांस शिजायचं, पण चार वर्षं तिच्यासाठी कोंबडी वेगळ्या भांड्यात शिजत होती, वेगळ्या डावानं वाढली जात होती. तिनं मागितलं नव्हतं. कार्मेलिननं पहिल्या दिवशीच विचारून घेतलं होतं आणि पुन्हा कधी त्याचा उल्लेख केला नव्हता. आणि हिच्या हातचं पाणी याला चालत नाही.

"चार वर्सांनी इलंस तो ह्याच करूक?" ती आवाज खाली ठेवून म्हणाली. "हयचा पाणी पिलंस तर काय होतला तुका? देव भायर काढतलो?"

रुद्रेशनं तिच्याकडे पाहिलं. त्यानं घसा साफ केला.

"तू जेवलंस?"

"काय?"

"जेवलंस काय तू?"

"नाय. आता बसतलो सगळी."

"मग आधी जेव. मी थांबतंय."

"थांब थय उन्नात," ती म्हणाली आणि वळली.

पायऱ्या चढताना सावियो समोरून आला. काय झालं असं त्यानं खुणेनंच विचारलं. तिनं खांदे उडवले. तो तिला ओलांडून फाटकाकडे गेला.

टेबलाशी बारा-तेरा माणसं होती. मधोमध डुकराच्या मांसाचं सोरपोतेल, एका बाजूला पुलाव, टोपलीत इडलीसारखी सान्नां. गौरवीच्या जागेसमोर कोंबडीच्या शाकुतीचा तिचा वेगळा वाडगा. प्रार्थना झाली. तीही इतरांसारखी मान खाली घालून उभी राहिली, नेहमी राहायची तशी. खुर्चीवर बसल्यावर तिनं मुद्दाम ताट भरून घेतलं. बघू दे त्याला.

"कित्याक आयिल्लो मागीर?" बॉस्त्यांव सान्नां मोडत म्हणाला. "आमचें घर पळोवंक? तिकीट लावपाक जाय आशिल्लें."

"तियु, जेव आतां," एका पुतणीनं म्हटलं.

"जेवतां मगो. हांव कोणाच्याय घरांत जेवतां. पार्शांत देवळाच्या जत्रेक जेवलां, सावंतवाडेंत बारशाक जेवलां. म्हजो धर्म पोटांत आसा, ताटांत ना."

हसू उठलं. गौरवीही थोडी हसली. शाकुतीचा रस्सा भातावर ओतताना खिडकीतून तिला फाटक दिसत होतं. सावियो आणि रुद्रेश समोरासमोर उभे होते. रुद्रेश बोलत होता, जमिनीकडे बघून, थोडं थोडं. सावियो कमरेवर हात ठेवून ऐकत होता. मग त्याचा हात कमरेवरून निघाला आणि डोक्यावर गेला. तो तिथेच राहिला. रुद्रेशनं एकदा घराकडे बोट केलं, मग आपल्या पोटापुढे हात धरून नकारार्थी मान हलवली. सावियोनं मान डोलावली. पुन्हा डोलावली. स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला.

थांबतो म्हणाला होता. नाही थांबला.

सावियो आत आला आणि तिच्या शेजारी बसला. ताट पुढे ओढलं नाही. वाडग्यातला कोंबडीचा एक तुकडा उचलून त्यानं तिच्या ताटात ठेवला.

"आनीक थोडें घे," तो म्हणाला. त्याचा आवाज फार मऊ होता.

"गेलो?" बॉस्त्यांवनं विचारलं. "उदक घेना, निरोप घेना..."

"तियु. पुरो."

सावियो उठून स्वयंपाकघरात गेला. आत कार्मेलिन पुलावाचं दुसरं पातेलं उघडत होती. झाकण पुन्हा ठेवल्याचा आवाज झाला.

कार्मेलिन बाहेर आली तेव्हा तिनं एप्रन सोडलेला होता. गौरवीच्या खुर्चीमागे येऊन तिनं तिचं ताट उचललं. अर्धं खाल्लेलं, रश्शानं माखलेलं ताट. शाकुतीचा वाडगाही उचलला. दोन्ही आत नेलं आणि परत येऊन एक कोरी थाळी समोर ठेवली. थाळीत उकड्या तांदळाचा भात होता आणि आदल्या दिवशीच्या उपासाची उरलेली डाळ. तूप नाही, लोणचं नाही.

"आगे, नाताळाक डाळ?" बॉस्त्यांव म्हणाला.

कार्मेलिननं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं हातातलं सान्नां खाली ठेवलं.

गौरवी थाळीकडे बघत होती. कार्मेलिनचं माहेर कोरगावचं, चहूबाजूंनी हिंदू घरांत वाढलेली बाई. कितीतरी मयतांना ती अंगणाच्या कडेला उभी राहिलेली. सुतकात या लोकांच्या ताटातून काय जातं आणि काय उरतं, हे तिला कोणी सांगावं लागत नव्हतं.

आणि गौरवीलाही नव्हतं. लहानपणापासून तिनं पाहिलं होतं. मरणाचा निरोप घेऊन जाणारा माणूस पायांत काही घालत नाही. कोणाच्या घरचं पाणी घेत नाही, कोणाला शिवत नाही. आणि बोलायच्या आधी विचारतो, जेवलास? कारण एकदा ऐकलं की मयत नेईपर्यंत तोंडात काही घालायचं नसतं. यातलं एकूण एक आज उन्हात तिच्यासमोर येऊन उभं राहिलं होतं. बॉस्त्यांवला ते ओळखता आलं नाही, कार्मेलिनला आलं नाही, ते ठीक होतं. पण तिनंही ओळखलं नव्हतं. तिनं विचारलं होतं, देव बाहेर काढेल का तुला. ते वाक्य घेऊन तो पार्शाला गेला होता.

आई बरी आसा, असं तो तिच्याकडे बघून म्हणाला होता. बाबा आसत, असं म्हणताना त्यानं खाली पाहिलं होतं.

तिनं डाळ भातात कालवली. घास घेतला. टेबलावर एकेक बोलणं विझत गेलं. सावियोनं कोणाच्या तरी कानात सांगितलं, त्यानं शेजारच्याच्या. कोणीतरी पाण्याचा ग्लास तिच्या जवळ सरकवला. कोणीतरी पंखा तिच्या बाजूला वळवला. सगळी माणसं तिच्या हाताकडे बघत होती आणि बघत नाही असं दाखवत होती. जोवर ती जेवत होती तोवर कोणाला काही सांगावं लागणार नव्हतं. तिला ते कळत होतं. शेवटचं शीत उचलेपर्यंत तिनं घाई केली नाही.

मग उठून तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि कार्मेलिनसमोर येऊन उभी राहिली.

"माय, केन्ना?"

"सकाळीं," कार्मेलिन म्हणाली. "सात जाल्लीं." तिनं छातीवर क्रूसाची खूण केली. "म्हाका कळ्ळें ना गो. हांवें ताका नेवऱ्यो दिल्यो."

"मसणांत केन्ना व्हरतले?"

कार्मेलिननं मुलाकडे पाहिलं. सावियो पुढे आला. त्यानं तिचे दोन्ही दंड धरले.

"तीन वाजतां. पूण पळय, गौरवी. तुजे आवयनच ताका धाडिल्लो, तुका हाडूंक. भावकीचीं माणसां नाका म्हणटालीं, ती आयकली ना. पूण ताका हें खबर नाशिल्लें." त्यानं तिच्या पोटाकडे पाहिलं. "तोच म्हणालो, हाडूं नाका. सातव्यांत मडें पळोवंक जायना म्हण. तुमचोच नेम. हांवें उतर दिलां ताका, वचन."

"उतर कोणाचें?" तिनं विचारलं. "म्हजें?"

सावियोनं हात सोडले नाहीत.

"कांय जालें जाल्यार?" तो म्हणाला. "भुरग्याक कांय जालें जाल्यार, मागीर कोणाक विचारूं?"

त्याच्या हातांतून दंड सोडवून घेऊन ती बाल्कांवात आली. चपला दाराच्या मागे होत्या. त्या तिनं पाहिल्या आणि तिथेच राहू दिल्या. अनवाणी पायऱ्यांपर्यंत गेली.

आवारात सावियोची गाडी सगळ्यांत आत अडकली होती. तिच्यामागे एका आतेभावाची गाडी, आणि फाटकाच्या तोंडाशी बॉस्त्यांवची जुनी व्हॅन. सावियो तिच्यामागून बाहेर आला. किल्ली त्याच्या मुठीत होती, आणि मूठ मिटलेली होती. दारात कार्मेलिन उभी होती.

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. बॉस्त्यांव बाहेर आला, तोंड न पुसता, रुमाल गळ्यातच अडकलेला. कोणाकडे न बघता त्या दोघांच्या मधून पायऱ्या उतरला. व्हॅनपाशी जाऊन त्यानं मागचं दार सरकवून उघडं केलं, सीटवरचे मुलांचे फुगे आणि एक पेंढा भरलेली टोपली काढून मातीवर ठेवली, आणि फिरून चाकाशी जाऊन बसला. इंजिन दुसऱ्या फेरीला लागलं.

सावियो एक पायरी उतरून गौरवीच्या पुढे उभा राहिला. तो वाट अडवत होता की तिला हात द्यायला उभा होता, हे त्याच्या पाठीवरून कळत नव्हतं.

बॉस्त्यांवनं हॉर्न वाजवला नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तो समोरच्या काचेतून पार्शाकडच्या रस्त्याकडे बघत राहिला. आत कोणीतरी ताटं गोळा करायला घेतली होती. भिंतीवरच्या घड्याळात सव्वादोन व्हायला आले होते.