पारोशी पट्टी

मावशींच्या पाळणाघरातली फरशी अशी की तिच्यात तोंड बघून भांग पाडावा. त्यामुळे ‘पोरांना जंत झालेत, आणि ते तुमच्याकडूनच आलेत’ हे ऐकल्यावर मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दहापैकी चार पोरं आयांनी आधीच काढून नेली होती. आणखी दोन गेली, की दाराला कुलूप.

“दोघंही रात्रभर बूड खाजवतात हो,” जुळ्यांची आई म्हणाली. “तपासणीत काय निघतंय बघते, मग ठरवते.”

“पोरांना गोड कमी चारत जा!” मावशींनी सुनावलं.

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी घरोघरी चिकटपट्टी आणि तपासणीची काच दिली. जंताची मादी रात्री बाहेर येऊन अंडी घालते. सकाळी पोर उठलं की पट्टी बुडाला लावायची, मग काचेवर चिकटवून दवाखान्यात द्यायची.

पाच पोरांच्या काचेवर अंडी निघाली. सहावी मावशींची नात. तिची काच लख्ख.

“बघा! घाण कुणाच्या घरची ते!”

“पट्टी कधी लावलीत, मावशी?” नर्सबाईंनी विचारलं.

“आंघोळ घालून. पारोश्या पोरीची पट्टी दवाखान्यात कशी देऊ? लाज आहे मला!”

“अहो, अंडी मोरीतून वाहून गेली की!”

दुसऱ्या दिवशीच्या पारोशी पट्टीवर अंडीच अंडी. निकाल सांगायला नर्सबाई स्वतः आल्या, तेव्हा मावशी दुपारच्या चादरी फटाफट झटकत होत्या.

“थांबा! यानंच पसरतात. अंडी उडतात, खेळण्यांवर बसतात, नखांत अडकतात, बोटांवरून पोटात.”

मावशींनी हातातली चादर अलगद खाली ठेवली. “म्हणजे वीस वर्षं मी पेरणी करतेय?”

नातीचा दुसरा निकाल अजून कुणालाच ठाऊक नव्हता. गप्प बसता आलं असतं. पण संध्याकाळी आया जमल्या आणि मावशींनी घसा खाकरला.

“नातीलाही निघालेत. चादरी मीच झटकत होते. आजपासून न झटकता गरम पाण्यात. औषध सगळ्यांनी एकाच दिवशी घ्यायचं, घरच्या मोठ्यांनीसुद्धा, आणि दोन आठवड्यांनी परत.”

जुळ्यांच्या आईनं पिशवी उचलली, खाली ठेवली, मग मावशींच्या कानाशी आली.

“मावशी... मलाही दोन रात्री जरा...”

मावशींनी कनवटीचं नेलकटर काढलं.

“आण इकडे हात. आणि उद्या पोरांना वेळेवर आण.”