अर्धा टॉवेल उकळत्या पाण्यात

उकळत्या पाण्यातून अनिसानं टॉवेलचा तुकडा चिमट्यानं उचलला.

टाळेबंदीत सोलापुरातले यंत्रमाग गप्प झाले. त्याच वर्षी मुंबईत निर्देशांक चढत राहिला.

जुळे सोलापूर, तिसरा मजला, लिफ्ट बंद.

भागाकारात खालची संख्या लहान झाली की उत्तर मोठं येतं. शाळेत शिकवतात हे.

'विकास'. लाल शाईत, एकच शब्द.

*

"कायकू उबालरई गे नवा टॉवेल?" तिच्या आईनं, लालबीनं विचारलं.

सरांना दाखवायचाय, म्हणाली अनिसा. बाजेवर बसलेल्या बापाला, इसूफला हसू आलं. सगळी हयात त्यानं टॉवेलच्या मागावर काढली होती. लाचच द्यायची तर चादर तरी ने, टॉवेलवर कोण सही करतंय, असं तो म्हणाला.

सहीचाच प्रश्न होता. 'आर्थिक संकटात राष्ट्रीय शेअर बाजाराचा विकास: एक मूल्यमापन' हा अनिसाचा प्रबंध. विषय गुरुशांत सरांनी दिलेला, पद्धतही त्यांचीच. बाजाराचं एकूण मूल्य भागिले देशाचं उत्पन्न. करोनाच्या वर्षी हे गुणोत्तर झपकन वाढलं, म्हणजे संकटातही बाजाराचा विकास झाला, असा सरांचा पेपर होता. त्या पेपरनं त्यांना चर्चासत्रांतून फिरवलं होतं, शाली मिळवून दिल्या होत्या.

अनिसानं शेवटच्या प्रकरणात लिहिलं, याला विकास म्हणता येत नाही. सरांनी 'विकास म्हणता येत नाही' खोडून वर लाल शाईत 'विकास' एवढाच शब्द लिहिला. तेवढं दुरुस्त कर आणि सही घेऊन जा, असा निरोप आला. सही नाही तर प्रबंध नाही. प्रबंध नाही तर कॉलेजातली कायमची जागा नाही, पुन्हा तासिका तत्त्वावर, पुन्हा जूनमध्ये अर्ज.

तिनं दुरुस्त केलं नव्हतं. टॉवेलचा तुकडा वाळवून इस्त्री केली आणि जुळे सोलापूरला सरांच्या घरी जायला रिक्षात बसली.

*

सरांनी दार उघडलं, चहा सांगितला, पेनाचं टोपण काढलं.

"झालं का दुरुस्त?"

"नाही सर."

पेनाचं टोपण परत लागलं. सर बराच वेळ समजावत राहिले. बाहेरून येणारे परीक्षक जुन्या वळणाचे आहेत, गुणोत्तर जगभर मान्य आहे, आधी पदवी पदरात पाड, मग कर बंड. आवाज चढला नाही. तेच जास्त बोचत होतं.

अनिसानं पिशवीतून दोन तुकडे काढून टेबलावर ठेवले. एक कोरा, एक उकळलेला. शेजारी बापाचं धागे मोजायचं भिंग.

"एकाच टॉवेलचे दोन अर्धे आहेत सर. इंचात कुठं जास्त धागे, बघा की."

सरांनी भिंगाला हात लावला नाही.

"धुतलेल्यात," ते म्हणाले.

"मग तो भारी झाला का?"

सरांनी पेन टेबलावर ठेवलं. तिलाच राहवेना.

"आमच्या गल्लीत नवा माणूस हमखास फसतो यात. धुतल्यावर मोजतो आन् खूश होतो, कापड दाट झालं म्हणून. दाट कुठलं, आटलंय ते. त्या वर्षी बाजार चढला, नाही म्हणत नाही मी. पण देशाचं उत्पन्न आटलं, तेही त्याच गुणोत्तरात मोजलंय आपण. माग बंद पडले म्हणून उत्तर मोठं आलं. त्याला विकास मी नाही लिहिणार सर. सही नका करू हवं तर."

शेवटचं वाक्य ठरवलेलं नव्हतं. बोलून गेल्यावर तिला एकदम हलकं वाटलं.

सरांनी उकळलेला तुकडा उचलला. किनारीला किनार लावली, अंगठ्यानं मधली घडी दाबली, एकदा झटकला आणि पुन्हा दुमडला. न बघताच. अनिसाचे डोळे त्या हातांवर खिळले. गल्लीतली माणसं अशी घडी घालायची. चर्चासत्रात पेपर वाचणारी माणसं घालत नव्हती.

मग त्यांनी प्रबंध ओढून घेतला, संदर्भसूचीची पानं उलटली.

"माझा पेपर कुठाय यात?"

अनिसानं मान खाली घातली. भिडेपोटी तिनं तो गाळला होता. विरोध करायचा, पण कुणाला ते सांगायचं नाही, असा मध्यममार्ग काढला होता.

"वाक्य तुझं राहू दे," सर म्हणाले. "पण खोडायचं तर नावानिशी खोड. माझं नाव घाल, साल घाल, आणि चूक कुठं झाली ते लिही."

"सर, परीक्षकांसमोर..."

"परीक्षकांना मी बघतो. तू लिही."

त्यांनी सही केली. चहा आला आणि तसाच निवत राहिला. निघताना ती तुकडे उचलायला गेली, तर कोरा तेवढा टेबलावर होता. दुसरा सरांच्या मांडीवर होता आणि त्यांनी तो परत दिला नाही.

*

गुरुशांत सरांचे वडील एका मिलमध्ये कापडाच्या घडी खात्यात होते. मिलला टाळं लागलं, त्या वर्षी निर्देशांक वर गेला होता.