माझ्या पंखातले परके पीस

मित्रांनो, मी एक जुना वटवट्या आहे. जुना म्हणजे किती, तर मला मरून बासष्ट वर्षे झाली. दचकू नका. पक्षिसंग्रहालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, खिडकी नसलेल्या खोलीत एक काचेचे कपाट आहे आणि त्याच्या मधल्या फळीवर मी बसलेला असतो. नावात वटवट आणि तोंडात कापूस, अशी माझी तऱ्हा. तरी आज बोलतो, कारण माझ्या अंगावर एक खोटी गोष्ट तीस वर्षे चिकटून राहिली आणि तिच्यापायी खरी पाखरे खोटी ठरली.

जिवंतपणी मी पाणथळीतल्या लव्हाळ्यात राहत असे. एका हिवाळ्यात धुक्यात उडताना दिव्याच्या खांबावरच्या काचेवर आपटलो आणि संपलो. कुणी तरी मला पाकिटात घालून इथे आणले. इथे पाखरांत पेंढा भरणारा एक म्हातारा कारागीर होता. काम करताना तो आमच्याशी बोलायचा. "हां, झालं, झालं. आता नाही दुखायचं," असे म्हणत त्याने माझे कातडे सोडवले, आत पांढरी पूड चोळली, कापूस भरला, पायांतून बारीक तार काढून मला लाकडी ठोकळ्यावर उभे केले. काचेचे डोळे मात्र माझ्या मापाचे दोन मिळाले नाहीत. उजवा डोळा दुसऱ्या, थोराड पाखराच्या डबीतला आहे. तो त्याने दाबून बसवला आणि मला पुन्हा दिसू लागले. कसे, ते मला विचारू नका. मलाही कुणी सांगितलेले नाही.

माझी जात फिकट भुवयांची. लोक आम्हाला लाडाने फिकट्या म्हणतात. आमचा एक चुलतभाऊ आहे, तांबड्या. तो गावोगाव, कुंपणाकुंपणावर दिसतो. दोघेही मातकट, दोघेही बोटभर, एकाला झाकावे आणि दुसऱ्याला काढावे. त्यामुळे ठिकठिकाणाहून या खोलीत फोटो यायचे आणि सोबत एकच प्रश्न असायचा: हा फिकट्या की तांबड्या? मग फोटो माझ्या शेजारी ठेवून भुवईची रेघ बघायची, पंखाची मोठी पिसे बाहेरून आत मोजायची, शेपटीचे टोक पडताळायचे. खोलीचे प्रमुख, ज्यांना सगळे नुसते सर म्हणत, ते पाहुण्यांना माझ्यापुढे आणून सांगायचे, "या जातीचा सगळ्या जगात हा एवढाच नमुना आहे, बरं का." तेव्हा मांस नसलेल्या माझ्या अंगावरही मूठभर मांस चढे.

बत्तीस वर्षांपूर्वी खोलीत एक नवी मदतनीस आली. बावीस वर्षांची, कामाला चोख. घरचे तिला चिमी म्हणत, मीही तेच म्हणतो. एका दुपारी ती मला कुंचल्याने झटकत होती. तिच्या बाहीचे बटण माझ्या डाव्या पंखात अडकले आणि तिसरे मोठे पीस मुळापाशी काट्‌कन तुटून खाली पडले.

तिचा चेहरा पांढराफटक पडला. सर बाहेरगावी होते. ते दोन दिवसांनी येऊन पक्षी ओळखण्याचे मोठे पुस्तक लिहायला बसणार होते. ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग तिने तांबड्यांच्या नमुन्यांचा खण उघडला, त्याच लांबीचे एक पीस कापून घेतले आणि टाचणीच्या टोकावर डिंक घेऊन माझ्या पंखात बसवले. माझे पीस तिने धड न बघताच कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकले. "सर आले की सांगते," ती मला म्हणाली. खरेच सांगणार होती. मी तिचा चेहरा पाहिला आहे.

पण सर आले ते घाईत आले. त्यांनी मला भिंगाखाली धरले आणि खुर्चीतून उठलेच. "अगं, हे बघ! तिसऱ्या पिसाला तांबूस किनार! इतकी वर्षं एकाच्याही लक्षात आलं नाही!" चिमीने तोंड उघडले आणि मिटले. माझा उजवा पंख अंगाला घट्ट चिकटवलेला, त्याची पिसे एकमेकांवर मिटलेली, त्यामुळे सरांनी तो पाहिलाच नाही. पुस्तकात छापले गेले: "डाव्या-उजव्या पंखांत तिसऱ्या मोठ्या पिसाला तांबूस किनार. ही खूण नसल्यास नोंद नाकारावी."

मित्रांनो, परके पीस काय असते ते तुम्हाला कसे सांगू? कपाटाला कुलूप, खोलीत वारा नाही, माझे सगळे अंग थंड, आणि ते एकटे हलायचे. अगदी किंचित. त्याला त्याच्या धन्याचे आठवायचे. मी कधीच न पाहिलेली काटेरी कुंपणे, एका विहिरीचा काठ, वाळत घातलेली चादर माझ्या डोळ्यांपुढे यायची. हळूहळू माझी आठवण कुठली आणि त्याची कुठली, हे मलाच कळेनासे झाले. मला माझ्याच पंखाची भीती वाटू लागली.

त्याहून वाईट होता तो पत्र्याचा डबा. नाकारलेले फोटो त्यात जमा होत आणि डबा माझ्याच कपाटात, खालच्या फळीवर असे. त्या फोटोंतली पाखरे माझी होती. भुवई माझी, शेपटी माझी, फक्त तिसरे पीस निर्मळ. सर निवृत्त झाले, चिमी त्यांच्या जागी आली आणि त्या प्रत्येक फोटोमागे "नाकारले" असा लाल शिक्का ती मारत गेली. भर दुपारी खोली सामसूम झाली की डब्यातून बारीक आवाज यायचा. वटवट, वटवट. आधी एकाचा, मग तिघांचा, मग मोजता येईनात इतक्यांचा. एकदा चिमीने काचेला कान लावला. झटकन मागे सरली. त्या दिवसापासून ती थंडीतही पंखा लावून बसू लागली.

तिचा थोरला भाऊ त्याच पाणथळीवर राखणदार होता. दर हिवाळ्यात तो फिकट्याचा एक फोटो पाठवी आणि दर हिवाळ्यात तो नाकारला जाई. अशी सात वर्षे गेली. सख्ख्या बहिणीनेच शिक्का मारल्यावर बाकीच्यांना काय, लोक त्याला थापाड्या म्हणू लागले. पुढे गोदामांसाठी पाणथळ बुजवायला सुरुवात झाली. अर्धी बुजलीसुद्धा. उरलेल्या अर्धीचा निकाल शुक्रवारच्या बैठकीत लागणार होता. फिकट्याची एक जरी नोंद मान्य झाली असती, तरी काम थांबले असते. एकही नव्हती.

त्या आठवड्यात दादा बहिणीसाठी जेवणाचा डबा घेऊन आला. तिचे जेवण झाले आणि ती हात धुवायला गेली. कपाटाची किल्ली टेबलावरच होती. मला अंधार दिसला, मग भाजीचा वास आला. "माफ कर रे बाबा, एका दिवसाचा प्रश्न आहे," असे पुटपुटत त्याने रिकाम्या डब्याचे झाकण माझ्यावर लावले.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी साठ वर्षांनी लव्हाळ्यात होतो. पायाला तार, खाली चिखल, समोर धुके. दूरवर मातीचे ढिगारे होते, तिथे पूर्वी पाणी असे. आणि मग माझी माणसे आली. माणसे म्हणजे पाखरे, पण मला तोच शब्द सुचला. दोघे होते. एकाने माझ्याभोवती घिरट्या घालून धोक्याची हाक दिली आणि तो दूर गेला. दुसरा माझ्या मागच्या काडीवर वीतभर अंतरावर बसला. मला ओरडून सांगायचे होते, मी तुमच्यातलाच आहे. कापूस हलला नाही. त्याने मान वाकडी करून माझ्या डाव्या पंखाकडे पाहिले, तिसऱ्या पिसाकडे, आणि मेलेल्याकडे बघावे तसा तो मागे सरकला. त्याने उडण्यासाठी पंख उघडला तेवढ्यात कॅमेऱ्याचा आवाज झाला.

दुपारी दादाच्या डब्यातूनच मी गुपचूप कपाटात परतलो. संध्याकाळी फोटो चिमीच्या टेबलावर आला. तिने भिंग धरले. भुवई बरोबर. शेपटी बरोबर. तिसऱ्या पिसाला तांबूस किनार. तीस वर्षांत पहिल्यांदाच सगळ्या खुणा जुळल्या होत्या आणि तिच्या कपाळावर घाम आला. कारण असले पाखरू पृथ्वीवर जिवंत नाही, हे तिच्याएवढे कुणालाच ठाऊक नव्हते.

ती कपाटापाशी आली. माझ्या पायाच्या तारेला ओला चिखल होता. तिने फोटोतले डोळे पाहिले: उजवा जरा मोठा. मग ती पुन्हा भिंगावर वाकली आणि तिचा हात मागच्या काडीवर थांबला. तिथे धूसर असा दुसरा एक वटवट्या होता, पंख उघडलेला. भुवई फिकट, शेपटी माझी, आणि तिसरे पीस स्वच्छ. तिने पिसे तीनदा मोजली. मग पत्र्याचा डबा काढून दादाचे सातही फोटो टेबलावर मांडले. सगळ्यांत तेच पीस, तसेच स्वच्छ. डब्यातली वटवट एकदम बंद पडली. आयुष्यात इतकी शांतता मी ऐकली नव्हती.

तिने दादाला बोलावून घेतले.

"दादा, हा फोटो खोटा आहे."

"आहेच खोटा. सात वर्षं खरे पाठवले, ते तुला चालले नाहीत. म्हटलं, पुस्तकात लिहिलंय तसा एक देऊन बघू."

"पुस्तकच खोटं आहे. ते पीस मी चिकटवलंय. माझ्या हातून मोडलं होतं."

तो स्टुलावर बसला. "म्हणजे मी थापाड्या नव्हतो."

"नव्हतास."

"आणि तुला माहीत होतं?"

"मी मनाला सांगत राहिले, की मोडलेल्या पिसालाही किनार असेल. मी ते बघितलंच नव्हतं ना." ती रडू लागली. "बघायचं टाळलं, दादा."

"लोकांनी नाव ठेवलं त्याचं काही नाही गं, चिमे," तो म्हणाला. "पण शिक्का तू मारायचीस. ते लागायचं."

शुक्रवारी ती मला हातात धरून बैठकीला गेली. आधी तिने भावाची लबाडी सांगितली, मग स्वतःची. सगळ्यांसमोर चिमट्याने ते पीस ओढले. ते निघताना माझ्या आत काही तरी उसवल्यासारखे झाले, आणि ती विहीर, ती चादर कायमची गेली. काठी टेकत आलेले सर तिथेच बसले होते. सगळ्यांना वाटले, ते तिच्यावर भडकणार. ते एवढेच म्हणाले, "मी उजवा पंख बघायला हवा होता."

खोटा फोटो बाद झाला. मागे दिसणाऱ्या खऱ्या पाखरासकट बाद झाला, कारण लबाडीच्या चौकटीत आलेले खरेही धरत नाहीत. पण डब्यातले जुने फोटो पुन्हा तपासले गेले आणि त्यांतले चौतीस मान्य झाले. दादाचे सातही. उरलेल्या पाणथळीवर माती टाकणे थांबले. चिमीची नोकरी गेली, आणि ते योग्यच झाले असे ती स्वतः म्हणते. माझ्या पंखात आता तिसऱ्या पिसाच्या जागी फट आहे. नव्या प्रमुखांना तिथे काही तरी बसवायचे होते, पण तसे करू नये असा ठराव सरांनी करून घेतला.

मित्रांनो, जिवंत पाखराचे पीस मोडले तर ते गळते आणि वर्षाच्या आत नवे येते. आम्हा कापसाच्या पाखरांना ती सोय नाही. आमच्यात जे खोटे घालाल ते आम्ही निमूटपणे जपतो, आणि लोक त्यालाच खूण समजतात. म्हणून तुमच्या हातून काही मोडले, तर दिवस मावळायच्या आत सांगून टाका. ओरडा खा, चार शब्द ऐका, पण सांगा. आणि कुठल्याही पाखराचा फोटो बघताना पुस्तकातली खूण जरूर शोधा, पण आधी पाखराकडे बघा.

त्या बैठकीनंतर दोन हिवाळे गेले. फिकटे अजून आलेले नाहीत. चिमी आता इथे पाहुण्यासारखी येते, रविवारी, भावाबरोबर. दादा आठवडाभर काढलेले लव्हाळ्याचे फोटो आणतो आणि दोघे माझ्या कपाटासमोर उभे राहून ते कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बघतात. कधी काड्यांमध्ये एखादी फिकट रेघ दिसते आणि तिचा भिंगाचा हात थांबतो. दादा श्वास रोखून धरतो.

"पान आहे, दादा," ती म्हणते.

आणि तो पुढचा फोटो तिच्या हातात देतो.